शेजारी पंप मागायला आला तर

अवजार मागायला माणूस सहसा घाईच्या दिवशीच येतो. रात्री पाऊस झालेला असतो, पानं अजून निथळत असतात, टोमॅटोवर औषध मारायचं तर ते आजच मारायचं असतं आणि नेमका त्याच्या पंपाचा पट्टा तुटलेला असतो. "तात्या, दोन तास पंप द्या, लगेच आणून देतो," अशी बांधावरून हाक येते. तात्यांनाही त्याच सकाळी फवारायचं असतं. नाही म्हणावं तर वर्षानुवर्षांचा शेजार. रात्री-अपरात्री गाय अडली, साप निघाला, तर धावून येणारा हाच. हो म्हणावं तर पंप कधी परत येईल आणि कसा येईल, याची खात्री नाही.

नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर) हा पेच वस्तीवस्तीवर आहे, कारण बागा वाढल्या तशी यंत्रंही दारात आली. राहात्याचा पेरू, श्रीगोंद्याचं लिंबू, संगमनेरचं डाळिंब आणि टोमॅटो, यांतलं काहीही घ्या, त्याच्यामागे एसटीपी पंप, ब्लोअर, ब्रश कटर, पॉवर वीडर, रोटाव्हेटर अशी फौज लागते. शिवाय गोठ्याला कडबाकुट्टी. नगर शहरात, सावेडीतल्या बंगल्यांत हेच चित्र जरा लहान आकारात आहे: तिथे लॉन कापायचं मशीन आणि कुंपण छाटायची कात्री शेजारी मागतात. पूर्वी खुरपं, टिकाव, घमेलं उसनं जायचं. गेलं तर गेलं, फार तर दांडा मोडून यायचा. चांगला ब्लोअर लाखांच्या घरात जातो. दुभती म्हैस कुणी शेजाऱ्याला दोन दिवस वापरायला देत नाही, ब्लोअर मात्र भिडेपोटी जातो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. द्यायचं की नाही हे मागणाऱ्या माणसाकडे बघून ठरवू नका, अवजाराकडे बघून ठरवा. माणूस बघून ठरवलं की एकाला दिलं, दुसऱ्याला का नाही, हा प्रश्न येतो आणि तिथून भावकीत बोलणं बंद होतं. अवजार बघून ठरवलं की नियम सगळ्यांना सारखा लागतो. आणि महागडं यंत्र द्यायचंच असेल, तर ते चालवणाऱ्या माणसासकट द्या.

ही काही नवी युक्ती नाही. ज्याच्याकडे एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करायचा. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. त्या सावडीत बैल एकटा जात नव्हता. धनी बरोबर असायचा, बैल कधी दमला हे त्याला कळायचं, पाणी कधी दाखवायचं हे तोच ठरवायचा. इर्जिकीला दहा-बारा औतं एका रानात उतरायची, तीही आपापल्या माणसांसह, आणि रानमालकाकडे जेवण असायचं. यंत्रं आली तेव्हा आपण देवघेव तेवढी ठेवली आणि बरोबर जाणारा माणूस सोडून दिला. बहुतेक भांडणं तिथेच उगवतात.

जे कुणालाच देऊ नये

दोन गोष्टी अशा आहेत की त्या सख्ख्या भावालाही देऊ नयेत आणि त्याच्याकडून घेऊही नयेत. पहिली म्हणजे तणनाशकाचा पंप. दुसरी म्हणजे छाटणीची कात्री. गंमत अशी की याच दोन्ही सगळ्यात सहज दिल्या जातात, कारण त्या मोडण्यासारख्या नसतात. इथे प्रश्न अवजाराच्या नुकसानीचा नाही. घेणाऱ्याच्या पिकाचा आहे.

पंपाचं आधी बघू. ऊस, ज्वारी, मका, गहू या पिकांत रुंद पानाचं तण मारायला २,४-डी हे तणनाशक सर्रास वापरतात. ही सगळी गवतवर्गीय पिकं, ती ते सोसतात. टोमॅटो, द्राक्ष, कपाशी ही पिकं रुंद पानाची, त्यांना त्याचा अगदी थोडा अंशही सोसत नाही. टाकीच्या तळाशी, होस पाइपच्या आतल्या अंगाला, नोझलच्या जाळीत जे उरतं तेवढंही पुरतं. बागाईत पट्ट्यात उसाला लागून टोमॅटो ही रोजची गोष्ट आहे. उसात वापरलेला पंप साध्या पाण्याने खळबळून शेजाऱ्याला दिला, त्याने त्यात बुरशीनाशक भरून टोमॅटोवर मारलं, की काही दिवसांत शेंडे पिळवटतात, नवी पानं अरुंद आणि चिंबल्यासारखी येतात. बघणाऱ्याला आधी व्हायरसच वाटतो. दुकानदार व्हायरसची औषधं देतो. महिनाभराने कुणाच्या तरी लक्षात येतं की पंप उसाचा होता. तोवर तोडा हातचा गेलेला असतो आणि पंप देणारा माणूस, ज्याने चांगुलपणाच केला, तो गुन्हेगार ठरतो.

म्हणून तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. त्याच्या टाकीला ऑइलपेंटचा लाल पट्टा ओढा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की लाल पट्ट्याचा पंप दाराबाहेर जात नाही. एकच पंप असेल आणि देण्यावाचून गत्यंतर नसेल, तर निदान धुण्याची पद्धत तरी नीट पाळा. टाकी पूर्ण रिकामी करून स्वच्छ पाण्याने तीन वेळा धुवायची. मग धुण्याचा सोडा किंवा डिटर्जंट घातलेलं पाणी भरून, ते थोडं नोझलमधून सोडून, उरलेलं रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी नोझल, जाळ्या आणि वॉशर सोडवून वेगळे घासायचे आणि पुन्हा स्वच्छ पाणी पूर्ण पाइपमधून काढायचं. धुतलेलं पाणी विहिरीपासून, शेततळ्यापासून आणि गुरांच्या वाटेपासून लांब, पडीक जागी. एवढं करूनही २,४-डी मारलेला पंप मी टोमॅटोवाल्याला देणार नाही. त्याला स्पष्ट सांगा, "नाना, पंप उसात वापरलाय, तुमचं रान जाईल." हे ऐकून कुणी रागावत नाही. रागावलाच, तर तो राग टोमॅटोच्या प्लॉटपेक्षा स्वस्त पडतो.

कात्रीचं दुखणं डाळिंबवाल्यांना सांगायला नको. तेल्या हा जिवाणूजन्य रोग. तो रोगट रोपांतून येतो, पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून पसरतो आणि रोगट फांदी छाटलेली कात्री तशीच निरोगी फांदीला लावली की तिथेही पोचतो. कात्री एका बागेतून दुसऱ्या बागेत गेली, तर मधले चार बांध ओलांडायला रोगाला वाऱ्या-पावसाचीही गरज उरत नाही. छाटणी करणाऱ्या टोळ्या आपल्याच कात्र्या घेऊन गावोगाव फिरतात, त्यामुळे हा नियम टोळीलाही लावा. बागेत शिरायच्या आधी कात्र्या निर्जंतुक करायला सांगायचं आणि शक्यतो आपल्या घरच्या कात्र्या हातात द्यायच्या. काम झाल्यावर त्या परत घ्यायच्या.

द्रावण सोपं आहे. सोडियम हायपोक्लोराइट दुकानात मिळतं, साधारण १ टक्का तीव्रतेचं द्रावण लागतं. बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं असेल, तर एक भाग औषध आणि चार भाग पाणी. दोन कात्र्या ठेवायच्या, एक बादलीत बुडलेली आणि एक हातात, प्रत्येक झाडानंतर अदलाबदल. द्रावण उन्हात आणि मातीने लवकर कमजोर होतं, म्हणून ते मधूनमधून बदलावं लागतं. ते लोखंडही खातं. संध्याकाळी कात्री साध्या पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा बोळा फिरवला नाही तर आठवड्यात गंज धरते. कात्री काही लाखाची वस्तू नाही. शेजाऱ्याला एक नवी भेट दिली तरी ती आपली जुनी देण्यापेक्षा परवडते, आणि हे मी थट्टेने म्हणत नाही.

मातीचंही थोडं असंच आहे. रोटाव्हेटरच्या पात्यांना आणि वीडरच्या चाकांना चिकटलेल्या ढेकळांतून हराळीचे तुकडे, लव्हाळ्याच्या गाठी आणि सूत्रकृमी एका रानातून दुसऱ्या रानात जातात. हराळी तर तुकड्यावरच फुटते. यंत्र बांध ओलांडण्याआधी पाण्याचा जोरदार फवारा मारून माती उतरवायची, जाताना आपण आणि येताना त्याने. हा नियम आधी बोलून ठेवा.

जे अज्ञानाने मोडतं

ब्रश कटर मागायला येणाऱ्यांची संख्या पावसाळ्यात वाढते. बांधावर गवत माजलेलं असतं, मजूर मिळत नाही आणि यंत्र दिसायला सोपं, खांद्याला अडकवलं की चाललं. त्याच्या सोपेपणातच खोट आहे. बाजारात दोन प्रकारची इंजिनं आहेत. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून द्यावं लागतं. कंपनीनुसार ते प्रमाण साधारण २५ ला १ ते ५० ला १ असतं, म्हणजे लिटरभर पेट्रोलला ४० ते २० मिली ऑइल. फोर-स्ट्रोकला टाकीत नुसतं पेट्रोल लागतं आणि ऑइल वेगळं, इंजिनात. मागून नेणाऱ्याच्या घरी मोटारसायकल असते. तो तिच्या सवयीने बाटलीतलं नुसतं पेट्रोल टू-स्ट्रोकच्या टाकीत ओततो. यंत्र सुरू होतं, छान चालतं, उलट जरा जास्तच जोरात पळतं. मग तापतं, पिस्टनवर ओरखडे पडतात आणि ते जाम होतं. दोरी ओढली तर हलत नाही. दुरुस्तीला सिलिंडर-पिस्टनचा अख्खा संच लागतो.

आणि बिचारा खरं तेच सांगतो: "मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं." त्याने खरोखरच काही केलेलं नसतं, ऑइलही टाकलेलं नसतं.

यावर उपाय म्हणजे मिसळलेलं पेट्रोल आपणच द्यायचं. कॅनवर मोठ्या अक्षरांत ‘ऑइल मिक्स’ लिहायचं, पैसे घ्यायचे पण पेट्रोल त्याच्याकडचं घालू द्यायचं नाही. पातं की दोरा, काय लावायचं हेही आपणच ठरवून, लावून द्यायचं. मुरमाड बांधावर पातं लावलं तर खडे गोळीसारखे उडतात. यंत्र चालू असताना १५ मीटरच्या आत कुणी उभं राहू नये, असं बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि ती पुस्तिका आपण पेटीतच ठेवतो. गॉगल, बूट आणि पात्यावरचं गार्ड यंत्राबरोबरच द्यायचं. गार्ड काढून ठेवलेलं यंत्र मी कुणाला देणार नाही आणि स्वतःही वापरणार नाही.

सगळ्यात बरं म्हणजे आपला मुलगा किंवा गडी बरोबर पाठवावा, तासावर पैसे घ्यावेत आणि विषय संपवावा. एसटीपी पंपालाही हेच लागू. त्याचा प्रेशर किती ठेवायचा, पाण्याशिवाय कोरडा किती वेळ चालला तर पॅकिंग जळतं, हे ज्याचा पंप त्यालाच ठाऊक असतं.

जे हात नेतं

कडबाकुट्टी, रोटाव्हेटर आणि चेनसॉ ही तीन यंत्रं देताना नुकसानीचा हिशेब पैशांत करून भागत नाही. कुट्टीच्या तोंडात बोटं जातात. रोटाव्हेटरला ट्रॅक्टरकडून फिरवणारा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो. त्यावरचं प्लास्टिकचं आवरण तुटलेलं असलं, तर उपरण्याचं टोक, धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर गुंडाळला जायला क्षणही लागत नाही. घरच्या माणसाला यंत्राची खोड माहीत असते, कुठे हात लावायचा नाही हे अंगवळणी पडलेलं असतं. शेजाऱ्याच्या गड्याला नसतं.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी लक्षात घेत नाही. राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास १ लाख. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला मिळते. शेजाऱ्याने रोजंदारीवर आणलेला भूमिहीन मजूर आपल्या कुट्टीवर जखमी झाला, तर तो या योजनेत बसत नाही. मग त्याच्या दवाखान्याचं बिल कुणी भरायचं, यावर दोन घरं समोरासमोर येतात. कुट्टी न्यायचीच असेल तर चारा इकडे आणा, आम्ही कापून देतो, हे सांगणं दोघांच्याही हिताचं.

ट्रॅक्टरची गोष्ट याहून कडक आहे, कारण तिथे कायदा थेट मालकाला धरतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, लायसन नसलेल्या माणसाला वाहन चालवू देणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चालवणारा अठराच्या आतला असेल, तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, शिवाय वाहनाची नोंदणी वर्षभरासाठी रद्द. आपल्याकडे नववीतला पोरगा रोटर मारतो याचं बापाला कौतुक असतं. ते कौतुक त्याने त्याच्या ट्रॅक्टरवर करावं, आपल्या ट्रॅक्टरवर नको. ट्रॅक्टर भाड्याने देणार असाल तर विमा कंपनीला लेखी विचारा की आपल्या पॉलिसीत भाड्याचं काम बसतं का. शेतीच्या वापरासाठी म्हणून घेतलेल्या विम्यात ते गृहीत धरू नका.

चेनसॉ मागणाऱ्याला एक साधा प्रश्न विचारा: कोणतं झाड? महाराष्ट्रात वृक्षतोडीवर १९६४ पासून कायदा आहे, ठरावीक जातींची झाडं स्वतःच्या मालकीच्या रानातलीही विनापरवाना तोडता येत नाहीत. वनजमिनीवर काही झालं, तर भारतीय वन कायद्याखाली अवजारंही जप्त होतात. जप्त झालेली चेनसॉ आपली आहे हे सिद्ध करायला जाणं म्हणजे आपण होऊन प्रकरणात शिरणं.

वाफसा एकाच दिवशी येतो

पेरणी यंत्राची भांडणं वेगळी असतात. ते मोडत नाही, विषारी नाही, पण सगळ्यांना एकाच वेळी लागतं. जूनमध्ये पाऊस पडून वाफसा आला किंवा कर्जत-जामखेडकडे रब्बी ज्वारीची ओल धरायची असली, की हातात मोजके दिवस असतात. पेरणी दोन दिवस लांबली, ओल खाली गेली, की उगवणीत फरक पडतो. म्हणून आधी आपलं, मग दुसऱ्याचं, हे तोंडावर सांगण्यात कमीपणा नाही. मागणाऱ्यालाही ते पटतं. त्याला खटकतं ते उद्या-उद्या म्हणून झुलवत ठेवणं.

यात एक सोय मात्र निसर्गाने करून ठेवलेली आहे. हलक्या, मुरमाड रानाला वाफसा लवकर येतो आणि लवकर निघून जातो. काळ्या, खोल रानात पाय घालायलाच दोन-तीन दिवस जास्त लागतात. तुमचं रान काळं आणि शेजाऱ्याचं माळावरचं असेल, तर तुमच्या रानात चिखल असतानाच त्याची पेरणी उरकते. यंत्र रिकामं पडलेलं असतं, तेव्हा देऊन टाका. पावसाळ्याआधीच वस्तीवरच्या चार घरांनी बसून कुणाचं रान कसं आहे ते बघून क्रम लावला, तर ऐन घाईत कुणाला हाक मारावी लागत नाही. क्रम कागदावर लिहून गोठ्याच्या दारावर चिकटवा. तोंडी क्रम पहिल्या पावसात वाहून जातो.

फुकट की भाड्याने

आपल्याकडे शेजाऱ्याकडून पैसे घेणं वाईट दिसतं. मला ते तसं वाटत नाही, आणि हिशेब केला तर कुणालाच वाटू नये. समजा ३० हजारांचं ब्रश कटर एकंदर ६०० तास चालणार आहे. म्हणजे तासाला ५० रुपये नुसती झीज, पेट्रोल-ऑइल, दोरा, पातं वेगळं. शेजाऱ्याने चार तास वापरलं तर २०० रुपयांचं यंत्र झिजलं. पाच शेजाऱ्यांनी पावसाळ्यात दोनदोनदा नेलं तर २ हजार. हे पैसे कुणाच्या डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून आपण फुकट दिलं असं समजतो. आणि यंत्र दोन वर्षं आधी भंगारात गेलं की तेव्हा मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालतो. त्यापेक्षा गावात चालू असलेल्या दराच्या जरा खाली एक दर ठरवा आणि तो सगळ्यांना सांगून टाका.

पण भाडं घेतलं की जबाबदारी बदलते, हे माहीत हवं. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि वस्तू तात्पुरती वापरायला देण्याबद्दल त्यात चांगले स्पष्ट नियम आहेत. फुकट दिलेल्या वस्तूत काही खोट असेल आणि ती देणाऱ्याला ठाऊक असेल, तर ती सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. न सांगितल्यामुळे घेणाऱ्याचं नुकसान झालं तर देणारा जबाबदार. भाड्याने दिलेल्या वस्तूच्या बाबतीत खोट ठाऊक नव्हती, ही सबबही चालत नाही. म्हणजे रोटरच्या दांड्याचं आवरण तुटलंय, ब्रश कटरचा क्लच धरतो, हे देतानाच बोला आणि भाड्याने देत असाल तर आधी दुरुस्त करा.

घेणाऱ्यावरही कायद्याचं ओझं आहे. साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूला जेवढं जपतो तेवढं त्याने जपलं पाहिजे. ठरल्याबाहेरच्या कामाला वापरलं, गवतासाठी नेलेलं यंत्र बाभळीच्या खोडाला लावलं, तर होईल ते नुकसान त्याचं. मात्र त्याने नीट जपून वापरलं आणि तरी काही तुटलं, तर वेगळं ठरलेलं नसल्यास कायदा त्याला धरत नाही. म्हणूनच आधी ठरवायचं: पातं, दोरा, पट्टा, नोझल गेलं तर वापरणाऱ्याचं. इंजिनाचं आतलं काम निघालं तर मेकॅनिक सांगेल त्याप्रमाणे. अशा दोन वाक्यांनी कितीतरी भांडणं वाचतात. कोर्टात कुणी जायचं नसतं, पण चावडीवर बोलायला हाच नियम कामी येतो.

लिहून ठेवणं म्हणजे अविश्वास, असं मानणाऱ्यांना आपल्याच जिल्ह्याची आठवण करून द्यावी लागते. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० मध्ये तो सुरू झाला. शेतकऱ्यांनी मिळून एवढं मोठं यंत्र विकत घेतलं ते भागभांडवल, सभासद, नियम, हिशेब सगळं कागदावर आणूनच. ब्लोअरसाठी शंभर पानी वही पुष्कळ झाली: तारीख, नाव, किती तास, परत आलं तेव्हा काय स्थिती. आता तर नेताना आणि आणताना मोबाइलवर एकेक फोटो काढला तरी पुरतं.

तीन-चार घरांनी मिळून एकच यंत्र घ्यायचा विचार बरेच जण करतात. पेरणी यंत्र आणि फवारणी यंत्र सोडून इतरांचं ते जमू शकतं. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येकाने वेगळं यंत्र घ्यावं, तुम्ही रोटाव्हेटर, त्याने कुट्टी, तिसऱ्याने ब्लोअर, आणि एकमेकांचं काम एकमेकांनी आपल्या यंत्राने, आपल्या माणसाने करून द्यावं. प्रत्येकाच्या यंत्राला एकच मालक राहतो, तेलपाणी बघणारा एकच हात राहतो, आणि कुणीच नुसता मागणारा उरत नाही. गावात शेतकरी उत्पादक कंपनी किंवा चालती विकास सोसायटी असेल, तर अवजार बँकेसाठी कृषी विभागाच्या यांत्रिकीकरणाच्या योजना आहेत. अर्ज महाडीबीटीवर होतो, चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. तुमचं यंत्र स्वतःच अनुदानावर घेतलेलं असेल, तर तेव्हा सही केलेलं हमीपत्र एकदा काढून वाचा. विक्रीच्या आणि हस्तांतराच्या अटी त्यात असतात, आणि उसनं म्हणून गेलेलं यंत्र कायमचं शेजाऱ्याच्या शेडमध्ये मुक्कामी राहिलं तर तपासणीच्या दिवशी उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

नाही कसं म्हणायचं

खरी अडचण शेवटी जिभेची असते. कारणं शोधू नका. "पंप बिघडलाय" म्हणालात आणि दुपारी तुम्हीच फवारताना दिसलात, तर नकारापेक्षा खोटं जास्त लागतं. नकारासोबत काहीतरी देऊ करा: "आप्पा, ब्लोअर मी कुणालाच हातात देत नाही. संध्याकाळी पाचला माझं उरकतं, मी स्वतः येऊन तुमची बाग मारून देतो. औषध कालवून ठेवा, डिझेलचं आणि तासाचं काय ते बघू." यात नकार आहे, पण माणूस रिकाम्या हाताने परत जात नाही.

घरात मात्र सगळ्यांचं एकच उत्तर हवं. मालक बाजारला गेलेला बघून मागच्या दाराने येणारे असतात. "वहिनी, दादांनी पंप न्यायला सांगितलंय," एवढ्यावर यंत्र जातं आणि संध्याकाळी बोलणी वहिनींना बसतात. त्यांना एक वाक्य देऊन ठेवा: "भाऊजी, त्यांना फोन लावा, ते हो म्हणाले की काढून देते." म्हाताऱ्या आई-वडिलांनाही हेच. त्यांच्या काळी टिकाव मागितला तर नाही म्हणत नसत, आणि ती सवय मोडायला त्यांना जड जातं. त्यांच्यावर चिडू नका, यंत्राच्या खोलीला कुलूप लावा.

आता थोडं मागणाऱ्यांसाठी, कारण हा लेख वाचणारे तेही आहेत. यंत्र ज्या दिवशी द्यायचं कबूल केलं त्या दिवशी, अंधार पडायच्या आत पोचवा. मालकाला आठवण करायला लावू नका. टाकी नेली तेवढी भरून द्या. काही तुटलं असेल तर परत देताना आपण होऊन सांगा. यंत्र गपचूप जागेवर ठेवून आलात आणि दुसऱ्या दिवशी त्याने दोरी ओढल्यावर ते सुरू झालं नाही, तर पुढे कितीही खरं सांगितलं तरी तुमच्यावर विश्वास बसत नाही. उसनं आणलेलं यंत्र तिसऱ्याला देऊ नका, तो तुमचा मेहुणा असला तरी. आणि पावसाळा संपताना, ब्रश कटर शेवटचं परत करताना, मालकाला विचारून टाकीतलं मिश्रण रिकामं करा आणि कार्ब्युरेटरमधलं संपेपर्यंत इंजिन चालवून मग बंद करा. महिनोन्महिने पडून राहिलेलं मिश्रण चिकट होऊन जेट बुजवतं, आणि पुढच्या पावसाळ्यात यंत्र सुरू झालं नाही तर सगळ्यात आधी आठवण शेवटच्या नेणाऱ्याची होते.